चाळीसवरचा काटा

नगरला माळीवाड्याजवळच्या आमच्या ट्रकअड्ड्यावर कुणाला नावानं हाक मारायची पद्धत नव्हती. माणूस ज्या गावाहून आला ते गाव हेच त्याचं नाव. मी 'कोकण'. तिकडचा दुसरा कुणीच नसल्यामुळे तालुका, गाव विचारायची कुणाला गरज पडली नाही. अख्खं कोकण मी एकट्यानं वागवत होतो. आणि तो 'घोडेगाव'.

त्याचा मी जेवढा हेवा केला तेवढा पुढे आयुष्यात दुसऱ्या कुणाचा केला नाही. आम्ही दोघंही एकाच शेठचे ड्रायव्हर, दोघंही चोवीस-पंचवीसचे, दोघांकडे एकेक जुनी गाडी. सत्तर-एकाहत्तरचा सुमार असेल. पण त्याचं गाव नगरपासून तासाभरावर. मनात आलं की तो शनिवारी घरी जायचा आणि सोमवारी फडक्यात बांधलेल्या बाजरीच्या भाकरी आणि ठेचा घेऊन यायचा. घरची बागायत होती, थोरला भाऊ ती बघायचा. हा ड्रायव्हर झाला तो हौसेनं. सातवी पास होता. वर्तमानपत्र आलं की अड्ड्यावरची सगळी माणसं त्याच्याभोवती बसायची आणि हा मोठ्यानं वाचायचा, मध्येच स्वतःच्या पदरचं काहीतरी घुसवायचा, लोक हसायचे. मी तिसरीतून शाळा सोडलेला. मला अक्षर लावता यायचं, पण ओळ संपेपर्यंत आधीचं विसरायला व्हायचं.

मी तिथं पोचलो कसा, तर आंब्याच्या पेट्यांबरोबर. कणकवलीहून पुण्याला, पुण्याहून नगरला. आलो आणि तापानं पडलो. शेठनं मला आपल्या घरच्या ओसरीवर झोपवलं, त्यांच्या बायकोनं, जिला आम्ही सगळे भाभी म्हणायचो, महिनाभर मऊ भात करून घातला. शेठनंच पुढे मला गाडी शिकवली, लायसन काढून दिलं. ईदला शीरखुर्म्याची पहिली वाटी माझ्या हातात यायची. हे उपकार मी दिवसातून दहा वेळा आठवायचो आणि दहाही वेळा भीती वाटायची की आपल्या हातून काहीतरी चुकेल आणि हे सगळं जाईल. घोडेगावला ही भीती माहीतच नव्हती. तो शेठला "शेठ, चहा तरी पाजा की" म्हणायचा. मला तीन वर्षांत ते जमलं नव्हतं.

आमच्या फेऱ्या ठरलेल्या. नगरच्या मालधक्क्यावरून सिमेंट किंवा खत भरायचं, घोडेगाववरून पुढे शेवगावला जायचं, येताना भुसार माल आणायचा. घोडेगावला जनावरांचा मोठा बाजार भरतो. बाजाराच्या दिवशी तो सगळा रस्ता बैल, म्हशी, शेळ्या आणि त्यांना हाकणाऱ्या माणसांनी भरून जायचा. एका ट्रकनं तिथं बैलजोडी उडवली आणि त्यानंतर गावाच्या दोन्ही अंगांना पाट्या लागल्या: जड वाहनांस वेगमर्यादा ताशी ४० किलोमीटर.

नुसत्या पाटीला कोण विचारतं? पण पाटीमागून हवालदार आला. त्याची रीत सोपी होती. तेव्हा जुने मैलाचे दगड काढून किलोमीटरचे बसवले होते आणि दोन किलोमीटरच्या मध्ये दर दोनशे मीटरला एकेक बुटका दगड होता. असे दोन बुटके दगड धरून रस्त्यावर चुन्याच्या दोन रेघा मारायच्या. पहिल्या रेघेशी साधा शिपाई बसायचा, शेळ्या राखणाऱ्यासारखा. गाडीचं पुढचं चाक रेघेवर आलं की तो डोक्याचा रुमाल काढून घाम पुसायचा. ती खूण. दुसऱ्या रेघेशी लिंबाच्या झाडामागे हवालदार घड्याळ दाबायचा. दोनशे मीटरला अठरा सेकंद लागले तर वेग बरोबर चाळीस. अठराच्या आत आलात तर शिट्टी. मग नेवाशाचं कोर्ट, दंड, आणि दंडापेक्षा वाईट म्हणजे लायसनवर लाल शाईचा शेरा.

रेघा कुठल्या दोन दगडांमध्ये मारल्यात हे दर बाजाराला बदलायचं. त्यामुळे पाटीपासून गावापर्यंत सगळाच रस्ता जीव मुठीत धरून काढायचा.

त्या वर्षी पावसाळ्यात शेठनं नवी गाडी नोंदवली. दसऱ्याला ती येणार होती. एका सकाळी त्यांनी आम्हा दोघांना बोलावून सांगितलं, "गाडी कोल्हापूरवरून कोकणात जाईल. इथून कांदा, डाळ. कोल्हापुरात गूळ चढवायचा. फोंडा घाट उतरून कणकवली. महिन्यातून दोन फेऱ्या."

माझ्या कानात नुसतं 'कणकवली' घुमत राहिलं. आमचं घर त्या रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर. तीन वर्षांत मी आईला पाहिलं नव्हतं.

"पण देखो," शेठ म्हणाले, "विमेवाला म्हणतो, नवी गाडी, घाटाचा रस्ता, ड्रायव्हरचं लायसन साफ पाहिजे. एक पण शेरा नको. दोघांचं आज साफ आहे. दसऱ्याला ज्याचं साफ असेल, त्याला चावी. दोघांचं असलं तर चिठ्ठी टाकू."

बाहेर आल्यावर घोडेगाव म्हणाला, "कोकनात लई मासं असत्यात म्हनं?"

मी हो म्हणालो. ज्याला शनिवारी घर, रविवारी घर, त्याला माझा रस्ता पाहिजे होता, तो मासे खायला.

शेठनं त्याच आठवड्यात हुकूम काढला की दोन्ही गाड्यांची वेगाची मीटरं चालू झाली पाहिजेत. माझ्या गाडीचं मीटर मी बसल्यापासून मेलेलं होतं, त्याच्याही गाडीचं तेच. मिस्त्री जुन्या बाजारात गेला आणि एकच मीटर घेऊन आला. ते कुणाच्या गाडीत बसवायचं यावर घोडेगाव म्हणाला, "कोकनच्या गाडीत बसवा. मला नगं. माझं माझ्यापाशी हाय." मिस्त्रीनं माझ्या गाडीत बसवलं.

मला इतका आनंद झाला की मी ती काच रोज धुवायचो. काळी तबकडी, पांढरे आकडे, लाल काटा. गाडी हलली की काटा उठायचा. शाळेत मास्तरांनी मला कधी कुठल्या आकड्याबद्दल शाबासकी दिली नव्हती. आता एक यंत्र माझ्यासमोर बसून मला आकडा सांगत होतं. मनात म्हटलं, घोडेगाव, आता बघ.

पहिल्या बाजाराला पाटी दिसताच मी काटा चाळीसवर आणला. चाळीस म्हणजे चाळीस, केसभर इकडेतिकडे नाही. गाडी जरा पळतेय असं कानाला वाटलं, पण यंत्रापुढे कानाची काय मातब्बरी? रेघ ओलांडली आणि शिट्टी झाली.

"अकरा सेकंद," हवालदार म्हणाला. "काय रे, कुणाच्या लग्नाला उशीर होतोय?"

"साहेब, चाळीसवर होतो. देवाशपथ."

"घड्याळाला देव कळत नाही. लायसन काढ."

तेवढ्यात मागून घोडेगावची गाडी आली. शांतपणे, हलत डुलत. मी खिडकीतून त्याला स्पष्ट पाहिलं. नजर समोर, आणि ओठ हलत होते. तो रेघा ओलांडून गेला. शिट्टी नाही. उलट हवालदारानं हात वर केला, यानंही केला. तिथंच माझ्या डोक्यात ठिणगी पडली. गावचा माणूस. ओळख. संपलं.

कोर्टात शेरा बसला. मी शेठला सांगितलं तेव्हा ते रागावले नाहीत, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला. "होतं," म्हणाले. "विमेवाल्याशी बोलतो. एका शेऱ्याचं काही करता येतं का बघतो. दुसरा येऊ देऊ नको."

दुसऱ्या वेळी मी काटा अडतीसवर ठेवला. दोन आकडे कायद्याला नजराणा. पुन्हा शिट्टी.

"बारा सेकंद. सुधारणा आहे," हवालदार म्हणाला, आणि शिपाई खो खो हसला.

घोडेगाव त्याही दिवशी सुटला. अड्ड्यावर मी त्याला विचारलं, "रेघांमध्ये तोंडानं काय पुटपुटतोस?"

"मंत्र," तो म्हणाला. "तुला न्हाई जमायचा. साळा लागती त्याला."

सगळे हसले. त्यानं थट्टेत म्हटलं होतं, हे मला आज कळतं. त्या दिवशी मात्र तिसरीचा तो बाक, ती गळकी शाळा, मी दप्तर ठेवून बाहेर पडलो ती सकाळ, सगळं पुन्हा अंगावर आलं. त्या रात्रीपासून मी एकच हिशेब करत राहिलो: माझं जायचं ते गेलं, पण त्याचं साफ का राहावं? दोघांचं खराब झालं तर शेठ निदान दोघांना सारखं तोलतील.

पुढच्या बाजाराआधी तीन दिवस मी रिकामी गाडी घेऊन येत होतो. घोडेगावच्या चहाच्या टपरीवर हवालदार एकटाच बसलेला दिसला. मी गाडी बाजूला घेतली, उतरलो, त्याच्यासमोर उभा राहिलो.

"साहेब, एक विचारू? मीटर बंद असलेली गाडी रस्त्यावर चालवली तर गुन्हा होतो का?"

"होतो की. का? तुझं बंद पडलं?"

"माझं चालू आहे," मी म्हणालो. "मी आपलं अड्ड्यावरच्या एकाचं सांगतो."

त्यानं बशीतला चहा संपवला, माझ्याकडे बघितलं. "घोडेगावच्या पोराचं?"

मी मान हलवली. हो असं तोंडानं म्हणालोसुद्धा नाही. तोंडानं म्हटलं नाही म्हणजे सांगितलं नाही, असं मी स्वतःला येताना सगळ्या रस्त्यानं समजावत होतो.

दुसऱ्याच दिवशी घोडेगावच्या गाडीच्या स्प्रिंगचा पाटा तुटला. गाडी मिस्त्रीकडे गेली आणि हा माझ्या गाडीत येऊन बसला. म्हणाला, "घरला सोड, उद्या येतो."

दोन शेऱ्यांनंतर मी पाटीच्या आत मुंगीसारखा चालायचो. बाजार नव्हता, रेघा नव्हत्या, तरी पाटी दिसताच पाय आपोआप वर आला. शेजारून एक बैलगाडी आम्हाला मागे टाकून गेली. गाडीवानानं वळून बघितलं.

"काय रं कोकन, मयताला चाललाय का आपन?"

"मग काय करू? चाळीसवर असतो तरी धरतात. तुला नाही धरत. तुझं बरं आहे, ओळखीचं आहे सगळं."

त्यानं खिडकीतून रस्ता न्याहाळला. मग म्हणाला, "चाळीसवर घे बरं."

"आता?"

"आता कोन बसलंय झाडामागं? घे की. बरूबर चाळीसवर."

मी काटा चाळीसवर आणला. बुटका दगड आला तसं त्यानं दारावर थाप मारली आणि शाळेत म्हणतात तशा सुरात सुरू केलं, "अठरा एके अठरा, अठरा दुणे छत्तीस, अठरा त्रिक चोपन्न, अठरा चोक बहात्तर, अठरा पाचे नव्वद, अठरा सक आठोदरसे..." आणि दुसरा दगड खिडकीशी आला.

तो थांबला. "सहावरच दगूड आला रं."

"म्हणजे?"

"आरं, आमचे मास्तर ज्या चालीत म्हनून घ्यायचे त्या चालीत अठराचा पाढा दाहेपर्यंत म्हटला की अठरा सेकंद व्हत्यात. म्या हवालदाराच्याच घड्याळावर लावून बघितलंय, शिपायाला एकदा चहा पाजून. दाहेला दगूड आला म्हंजे चाळीस. आधी आला तर पळतुया, नंतर आला तर लई सावकाश. हाच माझा मंत्र."

त्याचं मीटर त्याच्या तोंडात होतं. मी ऐकत होतो आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो हा की मला बाराच्या पुढचे पाढे येत नाहीत. दुसरा विचार लगेच त्याच्यामागून आला. टपरीवर मी मान हलवून आलो होतो.

तो मात्र तबकडीवर वाकला होता. काचेवर बोट पुसून त्यानं खालची बारीक इंग्रजी अक्षरं वाचली आणि असा हसला की गाडी दुमदुमली.

"कोकना! आरं, ह्ये मैलाचं मीटर हाय! कुठल्या तरी विलायती गाडीतलं उपटून आनलंय मिस्त्रीनं. तुझं चाळीस म्हंजे मैलाचं चाळीस. किलोमीटरमंदी चौसष्ट झालं की रं!"

मी गाडी कडेला घेतली. ब्रेक दाबला तो दाबूनच ठेवला. ज्या यंत्राची काच मी रोज धुतली त्यानं मला दोनदा कोर्टात नेलं होतं, आणि ते मला कळलं नाही कारण मला तीन बारीक अक्षरं वाचता येत नव्हती. चूक मिस्त्रीची, हे खरं. पण त्या क्षणी राग आला तो मिस्त्रीचा नाही. ज्याला पहिल्या नजरेत कळलं त्याचा. एक माणूस दुसऱ्याला किती बाबतींत मागे टाकू शकतो, काही मर्यादा असावी की नाही?

"रडू नगंस," तो म्हणाला. मी रडत नव्हतो. "हवालदाराला सांगू. मी सांगतो."

मी त्याला त्याच्या दारात सोडलं. त्याच्या आईनं मला उतरवून घेतलं, पाणी दिलं, जाताना भाकरी बांधून दिल्या. त्या भाकरी मी खाल्ल्या, कारण भूक लागली होती. आणि हवालदाराला जाऊन 'सोडून द्या, मी उगाच बोललो' असं सांगायला माझ्याकडे पूर्ण एक दिवस होता. मी नाही गेलो. भीतीनं गेलो नाही असं पुष्कळ वर्षं सांगत आलो. खरं म्हणजे मला बघायचं होतं.

बाजाराच्या दिवशी त्याची गाडी दुरुस्त होऊन आली होती. तो पुढे, मी मागे. तो रेघांमधून नेहमीसारखा गेला आणि तरीही शिट्टी झाली. मीही काटा पंचविसावर, म्हणजे खऱ्या चाळीसवर, ठेवून आलो, मागे थांबलो आणि खाली उतरलो.

हवालदार त्याच्या केबिनमध्ये डोकावत होता. "मीटर मेलंय तुझं?"

"जी."

"मग वेग कसा कळतो?"

"पाढ्यानं."

"कशानं?"

त्यानं सांगितलं. हवालदारानं शिपायाकडे बघितलं, शिपायानं आभाळाकडे. मग हवालदार स्वतः केबिनमध्ये चढला, घड्याळ शिपायाच्या हातात दिलं आणि म्हणाला, "गाडी मागं घे. परत ये. मी ऐकतो."

बाजाराला आलेली माणसं जमली. म्हशी धरून बायकासुद्धा उभ्या राहिल्या. गाडी लांब मागे गेली, वळली आणि आली. पहिल्या रेघेपाशी त्याचा खणखणीत आवाज सुरू झाला, खिडकीतून सगळ्यांना ऐकू येत होता. पोरं त्याच्याबरोबर म्हणू लागली. "...अठरा आठे चव्वेचाळासे, अठरा नवे बासष्टासे, अठरा दाहे ऐंशीसे!"

"एकोणीस!" शिपाई ओरडला.

हवालदार खाली उतरला. "अठराचा म्हणतोस आणि एकोणीस कसे?"

"दाहेला दम खाल्ला, साहेब."

सगळा रस्ता हसला. हवालदारही. त्यानं केस केली नाही. आठ दिवसांत मीटर बसवून घे एवढंच बजावलं. मग म्हणाला, "तुझ्याच अड्ड्यावरून खबर होती, म्हणून धरला," आणि बोलता बोलता त्याची नजर माझ्याकडे आली. घोडेगावनं त्या नजरेमागे वळून बघितलं. मला बघितलं. क्षणभरच.

आणि लगेच म्हणाला, "साहेब, ह्या आमच्या कोकनचं मीटर बघा की जरा. मैलाचं हाय. गरीब मानूस दोनदा फुकट सापडला."

हवालदारानं येऊन तबकडी बघितली, जीभ चावली. पण म्हणाला, "शेरे कोर्टानं मारलेत. ते पुसायला माझ्याकडे खोडरबर नाही, बाबा."

दसऱ्याला नवी गाडी आली. भाभींनी झेंडूची माळ स्वतः ओवली होती. विमेवाल्यानं एका शेऱ्यावर कदाचित ऐकलं असतं, दोनावर ऐकणं शक्य नव्हतं. शेठनं मला आधी आत बोलावलं. म्हणाले, "मीटर मी बसवायला लावलं. चूक माझ्या घरची, मार तू खाल्ला. पण कागदापुढे मी काय करू, बेटा?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी त्यांच्या पाया पडलो, आणि पाया पडताना मनात म्हणत होतो, मग चावी दुसऱ्या कुणालाही द्या, त्याला नको. बाहेर येऊन त्यांनी चावी त्यालाच दिली.

पहिल्या फेरीला निघताना त्यानं माझ्याकडे घराची खूण मागितली. मी सांगितली: फोंडा उतरल्यावर अमुक मोरी, डावीकडे वडाचं झाड, पायवाट. सांगताना वाटत होतं की हा वाट चुकावा.

तो चुकला नाही. सहाव्या दिवशी परत आला तो खांद्यावर गाठोडं घेऊन. आईनं पाठवलेलं. आमसुलं, सुका जवळा, कुळथाचं पीठ, आणि माझी एक जुनी बंडी, धुऊन घडी घातलेली. मी गाठोड्यात तोंड घातलं तर घरच्या धुराचा वास आला.

"तुझी आई काय बोलली ते निम्मं कळलंच न्हाई," तो म्हणाला. "'माझो झील, माझो झील' करत व्हती, झील म्हंजे पोरगा आसंल. आन मला म्हनली, 'जेवलंस मा?' म्हटलं जेवलो तर ती रडाया लागली. मासं असं केलं व्हतं कोकना, बोटं चोखत बसलो."

मी विचारलं, "आंगणात फणस आहे, त्याला यंदा पालवी कशी आहे?"

"फनस? आसंल. ध्यानात न्हाई."

"गाय?"

"व्हती वाटतं कायतरी बांधलेलं."

"तू झोपलास कुठे?"

"पडवीत, खिडकीखालच्या बाकड्यावर."

ते माझं बाकडं. त्याला ते सगळं बघायला मिळालं आणि त्यानं बघितलं नाही. मी तिथं असतो तर फणसाची पानं मोजली असती. त्याला माझ्या आईच्या हातचं मिळालं आणि त्यानं ते नुसतं खाल्लं. मी त्या जवळ्याची चटणी केली, त्यालाही दिली, आणि तो "ही काय तिच्या हातची चव न्हाई" म्हणाला तेव्हा मला ताट उचलून भिरकावून द्यावंसं वाटलं. ताट भाभींचं होतं.

दुसऱ्या फेरीच्या आधी मी आईला पत्र लिहायला बसलो. आईला वाचता येत नव्हतं आणि वाडीत वाचणारा कोणी दुपारच्या वेळी सापडायचा नाही. म्हणजे माझं पत्र घोडेगावच वाचून दाखवणार. माझे शब्द तिच्या कानावर पडणार, ते त्याच्या आवाजात.

हे ध्यानात आल्यावर मी दोन दिवस पेन्सिल हातात धरून होतो. मग एक ओळ, एक ओळ करत लिहिलं. मी बरा आहे. शेठ आणि भाभी आईवडिलांसारखी आहेत. फणसाला खत घाल. आणि मध्ये लिहिलं: 'हा जो माणूस पत्र वाचतो आहे त्याची चुगली मी पोलिसाकडे केली होती. त्याचा मला फार हेवा वाटतो. त्याला पोटभर वाढ.' त्याच्या तोंडावर हे बोलायची माझी छाती नव्हती. पण त्याला ते वाचावं लागेल, आणि तेही माझ्या आईसमोर, एवढी सोय मी केली. ते पश्चात्तापानं केलं की त्याला कोंडीत धरायला, हे मला अजून नक्की सांगता येत नाही. दोन्ही असेल.

तो परत आला तेव्हा मी अड्ड्याच्या नळावर गाडी धूत होतो. तो शेजारी येऊन उभा राहिला, तोंडावर पाणी मारलं.

"पत्र वाचून दाखवलंस?"

"दाखवलं की. दोनदा वाचाया लावलं तिनं. खत घातलंय म्हनाली फनसाला. या बारीला बघितला म्या फनस. पालवी चांगली हाय."

मी थांबलो. तो रुमालानं तोंड पुसत होता. सावकाश, कानामागेपर्यंत.

"आन कोकना," तो म्हणाला, "अक्षर सुधार बाबा जरा. मधल्या दोन-तीन ओळी लागल्याच न्हाईत मला. सोडून दिल्या."

सातवी पास होता तो. अख्खं वर्तमानपत्र न अडखळता वाचायचा. मी बादली उचलून उरलेलं पाणी चाकावर ओतलं आणि म्हणालो, "चहा घेशील का?"

"तू पाजनार आसशील तर," तो म्हणाला.